पेटीतलं वाचनालय

(दृश्य: सकाळची एसटी. मागच्या सीटखाली सरकवलेली पत्र्याची पेटी.)

या पेटीत कोकणातल्या वाडीवरच्या मुलांसाठी चाळीस पुस्तकं आहेत. बहुतेक सोळा ते चोवीस पानांची, म्हणून ती एका हाताने उचलता येते. एसटीतून उतरल्यावर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायची असते. साठ पुस्तकं भरली, की पेटी वाडीपर्यंत पोचत नाही. रस्त्यालगतच्या दुकानात ‘उद्या नेतो’ म्हणून राहते.

कोकणाला वाचनालय नवं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. पण वाचनालयं वाढली शहरात आणि बाजारपेठेत, मुलं मात्र वाड्यांवर. माध्यमिक शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो तो साधारण हजाराच्या पटाला; पाचशेच्या पुढे अर्धवेळ. वाडीवरच्या शाळेचा पट पंधरा-वीस. तिथे हे पद कागदावरही नसतं. म्हणून इथे मुलांच्या ग्रंथपालाला आधी चालता यायला हवं, वर्गीकरण मागाहून. पेटीची युक्ती जुनीच आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेतून तिथे आणलं, आणि त्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या.

(दृश्य: पडवीत पसरलेली पुस्तकं. मुलं मुखपृष्ठं उलटसुलट करतायत.)

चाळीसपैकी पंधरा पुस्तकं पानाला एक-दोन ओळींची. टाईप मोठा, जोडाक्षरं मोजकी. पंधरा पुस्तकं पुढच्या पायरीची, छोट्या गोष्टींची. चार-पाच गाण्यांची आणि कोड्यांची. उरलेली माहितीची: मासे, साप, इंजिनं, चांदण्या. हीच सगळ्यांत जास्त फिरतात आणि देणगीत सगळ्यांत कमी येतात. देणगीत येतात जुनी गाईडं आणि मुंगीएवढ्या टाईपातली चरित्रं. ती नम्रपणे नाकारणं हासुद्धा कामाचाच भाग. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे सुटे जुने अंक पाचवी-सहावीच्या मुलांना पुरतात.

ही पातळ पुस्तकं कपाटात उभी लावू नयेत. त्यांना कणा नसतो, नाव दिसत नाही, दोन जाड पुस्तकांमध्ये ती नाहीशी होतात. भिंतीला सुतळी बांधायची, मुलाच्या छातीच्या उंचीवर, आणि पुस्तकं मधल्या पानावर उघडून मुखपृष्ठ समोर येईल अशी टांगायची.

आता कुलपाबद्दल. अनेक शाळांत पुस्तकं असतात, कपाटही असतं, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. दोष आळसाचा नाही. पुस्तक नोंदवहीत चढलं, की ते टेबल-खुर्चीसारखी मालमत्ता होतं. हरवलं तर तपासणीत उत्तर द्यावं लागेल, ही खरी भीती. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम याबाबत बरेच समजूतदार आहेत. वर्षात हजार पुस्तकं दिली-घेतली गेली, तर त्यांतली पाच हरवणं ते वाजवी मानतात. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. शाळेला हे नियम थेट लागू नसले, तरी शिक्षकांसमोर ते ठेवले की बोलणं सोपं होतं. शिवाय मुलांच्या हातात फाटलेली पुस्तकं दरवर्षी रीतसर निर्लेखित करायची, म्हणजे नोंदवहीतून कमी करायची. ती वहीत साचत राहिली, तर कुलूप परत लागतं.

(दृश्य: जुलै. चिऱ्याच्या भिंतीवरची ओल. पुस्तकाच्या पिनेभोवती तांबडा डाग.)

पावसाळ्यात पुस्तकाचं पहिलं दुखणं पिनेपासून सुरू होतं. खाऱ्या, दमट हवेत पिन गंजते, गंज कागद खातो आणि मधलं पान सुटतं. म्हणून नवं पुस्तक आलं, की पावसाआधीच पिना उचकटून काढाव्यात. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची. मेण लावलेला सुती दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढायचा, वरच्या भोकातून आत, आतल्या आत खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारायची. हात बसला की एका पुस्तकाला पाचेक मिनिटं लागतात.

प्लॅस्टिकचं कव्हर घालू नये. ओल आत कोंडते आणि त्याखाली बुरशी धरते. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. बुरशी रोखायला हलती हवा लागते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, तळाचा खण रिकामा, आणि पेटीचं झाकण आठवड्यातून दोनदा तरी उघडं. बुरशी दिसली तर नाकाला फडकं बांधून, पुस्तक बाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसायचं. ओल्या कापडाने ती पसरते. चकचकीत कागदाचं पुस्तक भिजलं, तर पानं ओली असतानाच सुटी करावी लागतात. वाळल्यावर त्यांची वीट होते.

(दृश्य: अर्धगोलात बसलेली मुलं. वाचणाऱ्याच्या समोर खिडकी.)

वाचून दाखवण्याची वेळ दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही. खिडकी मुलांच्या पाठीशी हवी, पुस्तकामागे नको. नाहीतर चित्र काळं दिसतं. पुस्तक खांद्याच्या उंचीवर, चेहऱ्याच्या बाजूला धरायचं. आधी घरी दोनदा मोठ्याने वाचलेलं असावं, हे अनुभवी माणसंही टाळतात आणि अडखळतात. मजकूर पुस्तकातलाच वाचायचा, गप्पा मात्र मुलांच्या बोलीत. मालवणीत ‘माका आवाडला’ म्हणणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हटलं, की ते पुढच्या वेळी काहीच बोलत नाही. गोष्ट संपली की तात्पर्य विचारू नये. ‘जास्तीत जास्त पुस्तकं वाचा’ अशी बक्षिसंही नकोत. मुलं पानं न उघडता पुस्तकं बदलत बसतात. नंतर मुलं स्वतः पुस्तक निवडतात आणि वहीत आपलं नाव आपणच लिहितात. पहिलीतल्या मुलाचं वाकडंतिकडं नाव चालतं.

मुलांचा ग्रंथपाल व्हायची रीतसर वाट अशी: ग्रंथालय संचालनालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राची एक वर्षाची पदवी, मग पदव्युत्तर. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून हे घरी राहूनही होतं. मात्र बालवाङ्मय आणि वाचन शिकवण्याची पद्धत अशा अभ्यासक्रमांत पुरेशी मिळत नाही. ती अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात बसूनच शिकावी लागते. पैशाचंही स्पष्ट सांगायला हवं. सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या कायद्याखाली ‘अ’ ते ‘ड’ वर्गानुसार अनुदान मिळतं, आणि लहान वाचनालयात त्यातून निघणारा पगार घर चालवण्याइतका नसतो. शाळा, सामाजिक संस्था, प्रकाशन यांपैकी काहीतरी जोडीला धरावं लागतं.

(दृश्य: मे महिना. बंद शाळा. समोरच्या देवळात पोरांचा गलका.)

वेळापत्रकात नेहमी होणारी चूक ही, की पेटी शाळेबरोबर बंद होते. मे महिन्यात मुलं मोकळी असतात, मुंबईची भावंडं आलेली असतात, वाडीत पोरंच पोरं. आणि पुस्तकं कुलपात. एप्रिलअखेर पेटी देवळाच्या सभामंडपात किंवा ज्या घरी दुपारी कुणीतरी असतं अशा घरात ठेवावी. किल्ली सातवी-आठवीतल्या दोघांकडे द्यावी. शिमग्यात पालखीचे दिवस मात्र सोडून द्यावेत, कुणी येत नाही.

जूनमध्ये पेटी परत आली की मोजणी. एखादं पुस्तक कमी भरतं. ते चाकरमान्यांच्या पोराबरोबर मुंबईला गेलेलं असतं. वहीत त्याच्यापुढे ‘हरवले’ लिहायची घाई नको. गणपतीपर्यंत ती जागा कोरी ठेवायची.