झेंड्यावरून लेव्हल ओळखता येते का?

श्रोतेहो, नमस्कार.

२०१५ साली निन्टेंडो या जपानी कंपनीचा 'सुपर मारिओ मेकर' हा व्हिडिओ गेम आला आणि उड्या मारत पुढं जाणाऱ्या मारिओची लेव्हल, म्हणजे खेळातला एक टप्पा, स्वतः रचायची सोय सामान्य खेळाडूच्या हाती आली. रचलेली लेव्हल इंटरनेटवर चढवली, की रचणाऱ्याच्या नावाशेजारी त्याच्या देशाचा चिमुकला झेंडा दिसायचा. झालं! लोक झेंडा बघून अंदाज बांधू लागले. जपानचा झेंडा असेल, तर ही लेव्हल एकतर छळ छळ छळणार, नाहीतर आपल्याला काहीच करू देणार नाही.

हे अगदीच हवेतलं नव्हतं. काहीच करू न देणारी लेव्हल म्हणजे पूर्ण स्वयंचलित मारिओ. तुम्ही बटणाला हातही लावायचा नाही. स्प्रिंगा, सरकते पट्टे आणि शत्रूंचे धक्के खात मारिओ आपोआप शेवटाला पोचतो. हा प्रकार जपानात आधीपासून रुजला होता, आणि त्याचं कारण मला स्वभावात नाही, तर एका व्हिडिओ साइटवर सापडतं. २००६च्या डिसेंबरमध्ये जपानात 'निकोनिको' ही साइट सुरू झाली. तिच्यावर प्रेक्षकांचे शेरे चालू व्हिडिओवरूनच सरकत जातात, त्यामुळे एकट्यानं बघतानाही सगळ्यांनी मिळून बघितल्यासारखं वाटतं. मग खेळण्यापेक्षा बघायला मजा येईल अशा लेव्हल तिथं बहरल्या, यात नवल काय?

छळाची गोष्ट तर आणखी गमतीची. 'काइझो' म्हणजे जपानीत फेरफार, बदल. २००७च्या सुमाराला एका जपानी माणसानं जुन्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये फेरफार करून भयंकर अवघड लेव्हल रचल्या. उडी मारावी तर डोक्यावर अदृश्य ठोकळा, आणि आपण थेट खड्ड्यात! त्या व्हिडिओंचं शीर्षकच होतं, 'मी फेरफार केलेला मारिओ मित्राला खेळायला लावतो.' म्हणजे ज्याला पुढं लोक जपानी निर्दयपणा म्हणाले, ती मुळात दोस्तीतली खोडी होती. आज काइझो लेव्हल रचणारे अमेरिकेत आणि युरोपातही आहेत. शब्द जपानी राहिला, हात बदलले. गाण्यातल्या घराण्यासारखंच हे: नाव गावाचं, पण गळा तालमीतून घडलेला.

आता उलट उदाहरण घ्या. १९९३च्या 'डूम' या गेमसाठी चाहत्यांनी रचलेल्या लेव्हलमध्ये 'हेल रिव्हील्ड' हा १९९७चा संच फार गाजला. एकाच वेळी राक्षसांच्या झुंडी अंगावर सोडायची रीत त्यानं रुळवली. तो रचणारे दोघं इस्रायलचे. पण या रीतीला इस्रायली शैली म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. का? ते दोघं इंग्रजीतून, सगळ्यांच्या चव्हाट्यावर वावरत होते. त्यांचं काम लगेच सगळ्यांचं झालं. जपानी रचनाकार मात्र भाषेच्या भिंतीपलीकडे आपापसांत शिकले, आणि त्यांचं काम बाहेर आलं ते एकगठ्ठा. माझं मत असं, की राष्ट्रीय शैली म्हणून आपल्याला जे दिसतं, ती बरेचदा त्या भिंतीची सावली असते.

मग माणसाचा मुलूख लेव्हलमध्ये उतरतच नाही का? उतरू बघतो. 'डूम'साठी पहिल्यांदाच लेव्हल रचणाऱ्या कितीतरी जणांनी आधी स्वतःचं घरच बांधलं. घर म्हटलं की जिना, खिडक्या, खोल्यांची मांडणी, सगळं आपापल्या मुलखाचं यायला हवं. पण मूळ 'डूम'मध्ये एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली रचताच येत नाही. त्यामुळे दुमजली घरात राहणारा, मग तो कुठल्याही देशातला असो, वरचा मजला उचलून शेजारी मांडायचा, आणि जिना चढून गेलं की शेजारच्या त्या खोलीत पाऊल पडायचं.