वेगळ्या चुलीचा हिशेब

[दृश्य: नेदरलँड्समधलं हुक ऑफ हॉलंड बंदर. फेरीतून उतरणारे ट्रक.]

जानेवारी २०२१. इंग्लंडहून आलेल्या फेरीतून ट्रक उतरताहेत. डच कस्टमचे अधिकारी एकेका चालकाला विचारताहेत, बरोबर खायला काही आणलंय का? एकाकडं चंदेरी कागदात गुंडाळलेली सँडविचेस निघतात. आत मांस. युरोपीय महासंघाबाहेरच्या देशातून मांस आणायला बंदी, म्हणून सँडविच जप्त. चालक विचारतो, निदान पाव तरी ठेवू का? नाही, सगळंच जप्त. अधिकारी वर हसून म्हणतो, ‘वेलकम टू द ब्रेक्झिट, सर. आय अॅम सॉरी.’

ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनचं महासंघातून बाहेर पडणं. डच टीव्हीवरची ही क्लिप जगभर फिरली. महिनाभर आधी त्या पावाकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं; ब्रिटन वर्षभरापूर्वीच बाहेर पडला असला, तरी जुने नियम २०२० च्या अखेरपर्यंत चालू होते.

[दृश्य: मतदान केंद्राबाहेरची रांग, जून २०१६.]

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय महासंघातून बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा कौल राहण्याकडं, इंग्लंड आणि वेल्सचा निघण्याकडं.

या मतदानातली एक गोष्ट आपल्याकडं फारशी बोलली जात नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मताचा हक्क होता. म्हणजे पुण्याहून नोकरीला गेलेला, भारतीय पासपोर्टवरचा इंजिनिअर मत देऊ शकत होता. त्याच्या शेजारी वीस वर्षं राहणारा, तिथंच मुलं वाढवलेला जर्मन माणूस मात्र देऊ शकत नव्हता.

मग या मतदारांची मनधरणीही झाली. हुजूर पक्षाच्या प्रीती पटेल करी हाउसवाल्यांना सांगत होत्या, युरोपातून येणारी माणसं कमी झाली की दक्षिण आशियातून आचारी आणणं सोपं जाईल. यातले बरेचसे मालक मूळचे बांगलादेशातल्या सिल्हेटचे. अनेकांना ते पटलं. पुढं २०२४ मध्ये कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ३८,७०० पौंडांवर गेली. एवढा पगार गल्लीतल्या करी हाउसच्या आचाऱ्याला कोण देणार?

[दृश्य: लाल प्रचारबस.]

प्रचारातली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे ही लाल बस. आपण महासंघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते सरकारी आरोग्यसेवेला देऊ या, असं तिच्यावर लिहिलेलं. पण यातून ठरलेली सूट ब्रिटन आधीच कापून घेत होता आणि उरलेल्यातलाही बराच पैसा अनुदानांच्या रूपानं परत येत होता. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानं मतदानाआधीच आक्षेप घेतला. बस फिरतच राहिली.

पण दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. अर्थखात्यानं सांगितलं, निघायचा कौल दिलात तर लगेच मंदी येईल, दोन वर्षांत पाच लाख नोकऱ्या जातील. पौंड एका रात्रीत कोसळला हे खरं. मंदी मात्र आली नाही, नोकऱ्या उलट वाढल्या. मग झालं लांडगा आला रे आला. त्यानंतर अर्थतज्ज्ञांनी काहीही मांडलं की लोक म्हणायचे, हेच ना ते?

माझ्या मते या वादाचं खरं नुकसान इथं झालं. तडाखा बसेल म्हणून सांगितलं होतं, आणि प्रत्यक्षात चढत होती ती भिंतीतली ओल. ओल फोटोत येत नाही.

[दृश्य: ग्रिम्सबीचा जुना मासळी धक्का.]

ओल बघायची तर इथं यायला हवं. ग्रिम्सबी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बंदर एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या मासेमारी बंदरांत गणलं जायचं. इथल्या ७० टक्के मतदारांनी बाहेर पडण्याला मत दिलं. कारण विचारलं तर एकच उत्तर मिळायचं: आमचा समुद्र ब्रसेल्सनं, म्हणजे महासंघाच्या मुख्यालयानं, वाटून टाकला.

यात तथ्य आहे, पण अर्धंच. इथले ट्रॉलर कॉड मासा धरायला दूर आइसलँडजवळ जायचे. आइसलँडनं आपली हद्द आधी १२ मैलांवर नेली, मग ५० आणि १९७५ मध्ये थेट २०० मैलांवर. समुद्रात जाळी कापली गेली, ब्रिटनच्या युद्धनौका गेल्या, टक्कर झाली. १९७६ मध्ये ब्रिटननं माघार घेतली आणि ग्रिम्सबीचा कणा मोडला. आइसलँड तेव्हाही महासंघात नव्हता, आजही नाही. पण ब्रिटन त्याच दशकात, १९७३ मध्ये युरोपच्या बाजारपेठेत शिरला होता. दोन दुखणी एकाच सुमाराला आली आणि लोकांच्या आठवणीत एकच दुखणं उरलं.

आज ग्रिम्सबीतले कारखाने आइसलँड आणि नॉर्वेहून आलेल्या मासळीवरच चालतात. ब्रिटिश माणूस खातो कॉड आणि हॅडॉक, ते बरंचसं आयात होतं. त्याच्या समुद्रात मिळतात मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, शिवाय खेकडे आणि शेवंडाच्या जातीची कोळंबी. त्यांचं मोठं गिऱ्हाईक फ्रान्स आणि स्पेन. म्हणजे समुद्र हातात आला तरी बाजार पलीकडच्याच तीरावर.

आणि त्या तीरावर जायला आता कागद लागतात. पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र, कस्टमची घोषणापत्रं, जिथं मासे धरले त्याचा दाखला. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटनमधल्या दुकानांच्या साखळीचे अध्यक्ष आर्ची नॉर्मन यांनी सांगितलं होतं की आयर्लंडला जाणाऱ्या त्यांच्या एका ट्रकमागं ७०० पानं भरावी लागतात आणि काही प्राण्यांची नावं लॅटिनमध्ये लिहावी लागतात. मासळी लॅटिनसाठी थांबत नाही, ती नासते. १८ जानेवारी २०२१ ला स्कॉटलंडचे मासळी व्यापारी वैतागून आपले ट्रक थेट लंडनला, सरकारच्या दारात घेऊन गेले.

[दृश्य: लंडन, ३१ जानेवारी २०२० ची रात्र. झेंडे, जल्लोष.]

मग एकूण हिशेब काय? सरकारच्या पैशांवर, पण सरकारच्या हुकमाबाहेर चालणारी एक अंदाजपत्रक संस्था आहे. तिचं म्हणणं, दीर्घकाळात देशाची उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील.

कशापेक्षा कमी? जो ब्रिटन महासंघातच राहिला, त्याच्यापेक्षा. आणि असा ब्रिटन कुठंच नाही. काही अभ्यासकांनी अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या आकड्यांची गोळाबेरीज करून कागदावर एक जुळा ब्रिटन उभा केला. तो खऱ्यापेक्षा श्रीमंत निघाला. विरोधक म्हणाले, तुमच्या जुळ्यात अमेरिका घातलीत म्हणून तो श्रीमंत. नुसती जर्मनी घ्या, ब्रिटन मागं दिसतच नाही. हा आक्षेप पोकळ नाही.

त्यात नशीबही असं, की ज्या ३१ जानेवारीला रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडला, त्याच दिवशी देशात कोविडचे पहिले दोन रुग्ण सापडल्याचं जाहीर झालं. पुढं युक्रेनचं युद्ध, गॅसचे भाव. कुठला खड्डा कुणी खणला, हे सांगायला आता ज्याचा त्याचा पक्ष मोकळा.

बाहेर पडल्याचा फायदा म्हणून भारताशी झालेला व्यापार करार दाखवतात. २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. महासंघात असताना ब्रिटनला असा स्वतंत्र करार करताच आला नसता, हे मान्य. पण ब्रिटन सरकारचाच अंदाज आहे, की त्यातून दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल. म्हणजे अर्थव्यवस्थेच्या एक दशांश टक्क्याहून थोडी जास्त.

आणि स्थलांतर? युरोपातून येणारे घटले, भारत, नायजेरियासारख्या देशांतून येणारे वाढले. २०२३ च्या जूनपर्यंतच्या वर्षात निव्वळ वाढ नऊ लाखांच्या घरात गेली. ज्यांनी गर्दीला कंटाळून मत दिलं, त्यांनी यावर काय म्हणावं?

[दृश्य: पुन्हा ग्रिम्सबी. ओहोटी.]

बाहेर पडतानाच्या करारात मासेमारीचं असं ठरलं होतं, की युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या समुद्रात साडेपाच वर्षं सवलत आणि जून २०२६ नंतर नव्यानं बोलणी. मे २०२५ मध्ये लंडनला ब्रिटन आणि महासंघाची बैठक झाली. खाद्यपदार्थांवरची तपासणी कमी करण्याच्या वाटाघाटी करायचं ठरलं, म्हणजे ते सँडविच कदाचित सुटेलही. त्याच बैठकीत युरोपच्या बोटींची सवलत आणखी बारा वर्षं वाढली, २०३८ पर्यंत.

पन्नाशीत असताना ज्यानं ग्रिम्सबीत आपल्या समुद्रासाठी मत दिलं, त्यानं तोवर सत्तरी ओलांडलेली असेल.