डायरी सगळ्यांसमोर, पण कुलपासकट

1994 चा जानेवारी. अमेरिकेत स्वार्थमोर कॉलेजात शिकणारा जस्टिन हॉल स्वतःची वेबसाइट टाकतो, सुरुवातीला नुसत्या लिंका देतो आणि मग हळूहळू तिथे सगळंच लिहायला लागतो, म्हणजे प्रेमप्रकरणं, भांडणं, अगदी आपण आठ वर्षांचे असताना वडिलांनी केलेली आत्महत्यासुद्धा. कोणीही यावं आणि वाचावं. आता स्वतःचं लिहायचं तर आजूबाजूची माणसं त्यात येणारच ना, आणि त्यांना कोणी विचारलं होतं? 2005 मध्ये हाच जस्टिन एका व्हिडिओत रडताना दिसतो, या लिहिण्यापायी माणसं दुरावतात हे सांगताना, आणि मग रोजचं लिहिणं थांबवतो.

मधल्या काळात बरंच काही झालं. 1998 मध्ये ओपन डायरी ही ऑनलाइन डायरीची साइट आली, तिथे वाचणाऱ्याला नोंदीखाली कमेंट टाकता यायला लागली. 1999 मध्ये ब्लॉग लिहायचं ब्लॉगर आलं, ते पुढे गूगलने घेतलं, ती गोष्ट बहुतेकांना माहितीये.

पण आपल्याला जायचंय सिएटलला. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकणारा ब्रॅड फिट्झपॅट्रिक, याला शाळेतल्या मित्रांना आपली खबरबात कळवायची होती, बस एवढंच, आणि त्यातून 1999 मध्ये लाइव्हजर्नल ही ऑनलाइन डायरीची साइट उभी राहिली.

आता लाइव्हजर्नलचा लिहायचा फॉर्म नीट बघा. वर विषय, खाली मजकूर. मग मूड, त्यासाठी भलीमोठी यादी. सध्या कुठलं गाणं ऐकताय तेही टाकायचं. नावाशेजारी 100 बाय 100 पिक्सेलचा चिमुकला फोटो, आणि तोही प्रत्येक पोस्टला वेगळा निवडता यायचा. आणि हे सगळं झाल्यावर एक प्रश्न, हे कोणी वाचायचं? सगळ्यांनी, फक्त मित्रांनी, की फक्त मीच? माझ्या मते जस्टिनची जी अडचण होती ना, तिच्यावरचा इलाज हा इथे होता. लोकांना चव्हाट्यावर यायचंच नव्हतं, आपली दहा-वीस माणसं हवी होती.

गर्दी एवढी झाली की सर्व्हर दमले. 2001 ते 2003 नवीन माणसाला फुकट खातं हवं असेल तर आधीच्या मेंबरकडून कोड मागावा लागायचा, लोक त्यासाठी मागे लागायचे. याच ओढाताणीत 2003 मध्ये ब्रॅडने मेमकॅश्ड लिहिलं. सारखी लागणारी माहिती दर वेळी डेटाबेसमधून न उपसता मेमरीतच तयार ठेवायची, असं त्याचं काम. पुढे फेसबुक आणि विकिपीडियानेही तेच वापरलं. पोरांच्या डायऱ्यांसाठी केलेला जुगाड होता हो हा!

तिकडे रशियात भलतंच घडलं. 2001 मध्ये रोमान लेइबोव या एस्टोनियातल्या प्राध्यापकाने लाइव्हजर्नलवर रशियनमध्ये लिहून बघितलं आणि मग लेखक, पत्रकार, राजकारणी सगळे तिथेच गोळा झाले. विरोधी नेता अलेक्सेई नवाल्नी सरकारी कंपन्यांचे घोटाळे तिथे मांडायचा, आणि तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव याचाही ब्लॉग तिथेच, म्हणजे दोघं एकाच वाड्यातले भाडेकरू. 2011 च्या एप्रिलमध्ये साइटवर जोरदार सायबर हल्ला झाला तेव्हा खुद्द मेदवेदेवने निषेध केला.

मालकी मात्र फिरत राहिली, 2005 मध्ये सिक्स अपार्ट या कंपनीकडे, 2007 च्या डिसेंबरमध्ये रशियातल्या सुप या कंपनीकडे. 2016 च्या अखेरीस सर्व्हरही रशियात गेले, 2017 मध्ये रशियन कायद्याला धरून नवे नियम आले आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या बऱ्याच जुन्या लोकांनी बाडबिस्तरा गुंडाळला.

गेले कुठे? ड्रीमविड्थवर. लाइव्हजर्नलमध्येच पूर्वी काम केलेल्यांनी, त्याचाच खुला कोड घेऊन, 2009 मध्ये सुरू केलेली साइट. जुन्या नोंदी, खालच्या कमेंटसकट, उचलून इकडे आणता यायच्या. आणि एक दुरुस्ती त्यांनी फार शहाणपणाने केली. लाइव्हजर्नलवर एखाद्याला मित्र केलं की त्याचं लिखाण तुमच्या पानावर यायचं आणि तुमच्या कुलूपबंद नोंदीही त्याला उघड व्हायच्या, दोन्ही एकदमच, त्यामुळे यादीतून कोणाला काढलं की रुसवेफुगवे ठरलेले. ड्रीमविड्थने हे दोन वेगळे केले, कोणाचं वाचायचं ते एक, आणि किल्ली कोणाला द्यायची ते दुसरं.