हृदय सांगतं, किडनी मीठ सोडते

नमस्कार श्रोतेहो.

कापूस वेचून घरी आल्यावर, ओट्यावर टेकलात की एक करून बघा. घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर तिथे पाणी साठलंय. आणि हे पाणी एकटं येत नाही. ते सोडियमच्या, म्हणजे मिठाच्या मागोमाग येतं. हे सोडियम बाहेर टाकायला आपलं हृदयच किडनीला सांगत असतं.

१९८१ साली कॅनडातल्या किंग्स्टन इथे अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, म्हणजे अलिंदांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांत लघवी आणि तिच्यातलं सोडियम कितीतरी पटीनं वाढलं. खालच्या कप्प्यांच्या अर्कानं तसं झालं नाही. अर्कातला तो पदार्थ म्हणजे एएनपी हे संप्रेरक. रक्त वाढून अलिंदाची भिंत ताणली गेली, की ते सुटतं. दोन-चार मिनिटांत रक्तातलं निम्मं संपूनही जातं, म्हणून ते सतत सुटत राहावं लागतं.

किडनीत ते काय करतं? दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मीठ असतं! त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात ओढलं जातं. एएनपी गाळणीत येणारी रक्तवाहिनी सैल करतं आणि बाहेर जाणारी आवळतं, त्यामुळे गाळणीतला दाब वाढून जास्त गाळलं जातं. पुढे गाळलेलं पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या अगदी टोकाला ते सोडियम परत ओढणारी दारं बंद करतं. शिवाय मीठ धरून ठेवणाऱ्या रेनिन आणि अल्डोस्टेरॉनलाही दाबतं. पाय सुजलेला माणूस रात्री आडवा झाला की पायातलं पाणी छातीकडे परततं, अलिंद ताणतं, आणि लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं. त्यामागे हेही एक कारण असतं.

मग कमजोर हृदयाच्या माणसाला सूज का येते? त्याच्या रक्तात तर हे संप्रेरक भरपूर असतं. पण हृदय पुरेसं रक्त ढकलत नाही, म्हणून किडनीला वाटतं शरीर कोरडं पडलंय. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन जोर धरतात, आणि बरंचसं सोडियम नळीच्या सुरुवातीलाच परत ओढलं जातं. कालव्याचं पाणी वरच्या शेतांनीच उचललं की टेलच्या शेतकऱ्याला थेंब मिळत नाही, तसंच हे. टोकाला बसलेल्या एएनपीनं सोडायचं तरी काय?

म्हणून अशा माणसानं ताटातलं मीठ मोजावं. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते. म्हणजे सगळ्या स्वयंपाकासह एक लहान सपाट चमचा. हृदयरोग्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. लोणचं, पापड, खारोड्या, ठेचा यांतलंही मीठ धरायचं. सैंधव म्हणजे मीठच. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असतं, ते किडनी अधू असलेल्यानं विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्यात, विहिरीचं पाणीही मोजायला हवं. तपासणीच्या कागदावर सोडियम लिटरला ५०० मिलिग्रॅम दिसलं, तर चार लिटरमागे २,००० मिलिग्रॅम सोडियम होतं, म्हणजे ५ ग्रॅम मिठात असतं तेवढं. दिवसाचं सगळं मीठ पाण्यातच आलं. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. मात्र ४५ अंशांच्या उन्हात घाम गाळणाऱ्या निरोगी माणसानं मीठ तोडू नये.

अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. त्या गोळ्या किडनीला सोडियम धरायला लावतात आणि लघवीची गोळी फिकी पाडतात. एसटीनं जायचंय म्हणून लघवीची गोळी चुकवणारे पुष्कळ आहेत. चुकवू नका, वेळ बदलून देता येते, डॉक्टरांना विचारा. रोज सकाळी लघवी करून, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर तो मांस-चरबीचा भाग नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता हृदयाचं हे एएनपी संप्रेरक शरीरात लवकर तुटू नये म्हणून सॅक्युबिट्रिल नावाचं औषध वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिळतं. एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी रक्तदाबाची, हृदयाची गोळी चालू असेल, तर तिच्या शेवटच्या डोसनंतर ३६ तास गेल्यावरच हे सुरू करतात. दोन्ही एकत्र पडल्या तर ओठ, जीभ सुजून श्वास कोंडू शकतो. त्या गोळीची जुनी पट्टी डब्यात उरली असेल, तर आजच वेगळी काढून औषधवाल्याला दाखवा.