धुऊन पांढरी केलेली पुस्तकं

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाय तोच आहे: संग्राहकांनी जुन्या पुस्तकांत केलेले बदल आणि ते ओळखायचे कसे. ओळखण्याकडे येतोच. आधी धुण्याबद्दल बोलू द्या, खरा राग तिथे आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या हौशी धनिकाला पंधराव्या शतकातलं पुस्तक हवं असे, पंधराव्या शतकाचे डाग मात्र नको असत. मग बायंडर जिल्द उतरवायचा, शिवण कापून पानं सुटी करायचा, पाण्यात भिजवायचा. डाग हटला नाही तर ब्लीचिंग पावडरचं पातळ द्रावण, मग सौम्य आम्ल, मग पुन्हा पाणी. घोळ या शेवटच्या पाण्यात. ते पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. कंटाळा केला की क्लोरीन आत राहतो आणि कागदाचे तंतू वर्षानुवर्षं तुटत जातात. शिवाय कागदाला ताठपणा देणारा मूळ सरसही धुऊन जातो, पान टीपकागदासारखं लुळं पडतं. म्हणून नवा सरस, त्यात तुरटी, आणि तुरटी म्हणजे पुन्हा आम्लच! वर प्रेसमध्ये दाबलं की छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या अक्षरांचा, खोलगट ठसाही सपाट.

आता गंमत बघा. छपाईची शाई काजळी आणि जवसाच्या तेलाची, ती ब्लीचिंगला दाद देत नाही. समासातल्या टिपा मात्र मायफळ-हिराकशीच्या शाईतल्या, त्या उडतात. म्हणजे लेखक वाचला, वाचक गेला. (हसलात, बरं वाटलं.) उरलेल्या टिपा सुरीखाली जातात, कारण कडांना सोन्याचा वर्ख द्यायचा तर आधी त्या तासून एकसारख्या करायला हव्यात. काही प्रतींत समासातला शब्द अर्धाच उरलाय तो त्यामुळे.

गहाळ पानांची तऱ्हा वेगळी. एकोणिसाव्या शतकातला नक्कलकार जॉन हॅरिस लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसाठी हाताने इतकी हुबेहूब पानं काढायचा की तिथल्या जाणकारांनाच ती ओळखेनात. शेवटी प्रत्येक पानावर त्याने सही करायची असं ठरलं. इंग्रज संग्राहक टॉमस वाइजने तर सरळ म्युझियमच्याच जुन्या नाटकांतली पानं काढून इतर प्रती पुऱ्या केल्या. ग्रंथसूचीकार डेव्हिड फॉक्सनने 1959 च्या पुस्तकात ते सविस्तर मांडलं. चोरीची पानं 200 हून अधिक.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर ओळखणं, धावतं. पान उजेडात धरा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या हातकागदात साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात, साधारण इंचभर अंतरावर. फोलिओत (ताव एकदा दुमडलेलं पुस्तक) उभ्या, क्वार्टोत (दोनदा दुमडलेलं) आडव्या. एकाच पानाच्या रेषा वेगळ्या पडल्या तर थबका. कसरीचं भोक चाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या पानात (दोन्ही बाजू मिळून एक पान) आहे, एकेचाळिसाव्यात नाही? एकेचाळीसावं बाहेरून आलंय. पानाच्या पाठीवरून बोट फिरवा, खिळ्याचा उठाव लागत नसेल तर पान दाबलेलं तरी आहे, नाहीतर हाताने काढलेलं. उंचीही मोजा, उपरं पान बहुधा दोन-तीन मिलिमीटरने चुकतं.

दुरुस्ती करायचीच तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा, पाण्याने पुन्हा सुटते. सेलोटेप नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. आणि काय केलंत ते मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने, तारखेसकट लिहून ठेवा.