जू, शिवण आणि विलीनीकरण

मंडळी, बी.ए. झाल्यावर मी नोकरीसाठी पहिला इंग्रजी अर्ज लिहिला. ‘दाखल्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत’ असं लिहायचं होतं. जोडणे म्हणजे जॉइन, एवढं तर्खडकरी ज्ञान पक्कं होतं. तेच ठोकून दिलं. तिथल्या हेडक्लार्कनी तांबड्या शाईनं गोल केला, वर ‘अटॅच्ड’ लिहिलं आणि म्हणाले, “जॉइन तुम्ही व्हायचंय, दाखल्यांनी नाही.” नोकरी काही मिळाली नाही.

हा ‘अटॅच’ फ्रेंचांकडून आला, आणि मुळात त्यात खुंटा आहे. खुंट्याला बांधून टाकणं. म्हणूनच कोर्टाच्या भाषेत अटॅचमेंट म्हणजे जप्ती. आपण ईमेलला फोटो अटॅच करतो, बेलीफ घर अटॅच करतो, क्रियापद एकच. बांधलेली वस्तू मात्र जशीच्या तशी राहते, आणि दावं सोडलं की मोकळी होते. इंग्रजीत जोडण्याचा शब्द निवडताना मी हेच बघतो: जोडून झाल्यावर त्या दोघांचं काय होतं?

आता ‘जॉइन’ घ्या. हा आपल्या घरचाच आहे. लॅटिनमध्ये बैलांच्या मानेवरचं जू म्हणजे ‘युगुम’, ग्रीकमध्ये ‘झुगोन’, संस्कृतात ‘युगम्’, जुन्या इंग्रजीतून आलेला शब्द ‘योक’, आणि आपलं जू. एकाच मूळ शब्दाची ही लेकरं. जॉइन, जंक्शन, बायॉलॉजीतला झायगोट, आणि योगसुद्धा, सगळे त्याच गोतावळ्यातले. मनमाडला गाडी बदलताना ‘जंक्शन’च्या पाटीखाली उभे राहाल तेव्हा ते जू आठवा. नवराबायकोच्या नात्याला इंग्रजी कायद्यात ‘कॉन्जुगल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः एका जुवाखालचे. आपणही संसाराच्या गाड्याला जुंपलो असं म्हणतोच. फक्त आपण ते वैतागून म्हणतो.

‘सब्जुगेट’मध्ये, म्हणजे जिंकून अंकित करण्यात, हेच जू अपमानाचं होतं. हरलेल्या सैन्याला भाल्यांच्या कमानीखालून वाकून जायला लावायचे, त्या कमानीलाही जूच म्हणत. इ.स.पू. ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांनी खुद्द रोमन सैन्याला तसं काढलं. रोमन लोक ते पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाहीत.

पण जुवाखालचे दोन बैल शेवटपर्यंत दोनच असतात. वेल्डिंगचं तसं नाही. ‘वेल्ड’चं नातं उकळण्याशी, वितळण्याशी. दोन लोखंडांच्या कडा वितळून एक होतात, कुठली कुणाची ते सांगता येत नाही. ‘सोल्डर’मध्ये मधलं तिसरंच वितळतं. रेडिओ दुरुस्त करणारा कथिलाची तार टेकवतो, कथिल पाघळतं, तांबं तसंच राहतं. पुन्हा तापवा, सुटं होतं. तेव्हा दोन देशांच्या मैत्रीला वेल्ड म्हणायचं की सोल्डर, हे वापरणाऱ्यानं जपून ठरवावं.

‘स्प्लाइस’ हा खलाशांचा शब्द, डच वळणाचा. दोन दोरांची टोकं उसवायची आणि त्यांचे पेड एकमेकांत विणायचे. गाठ मारायची नाही. तुम्हाला तो क्रिकेटमधून माहीत आहे: “चेंडू स्प्लाइसला लागला!” बॅट कधी नीट हातात घेऊन पाहा. पातं विलोचं, मूठ वेताची. मुठीचं टोक पाचरीसारखं निमुळतं करून पात्यात कापलेल्या खाचेत बसवतात. तो सांधा म्हणजे स्प्लाइस. चेंडू तिथं लागला की फटक्यात दम राहत नाही, आणि झेल उडतो.

चेंडूवर ‘सीम’. ती शिवणच आहे, आणि हा नुसता अनुवाद नव्हे. इंग्रजी ‘स्यू’ आणि आपलं ‘शिवणं’ एकाच धातूतून आलेत. सर्जनच्या टाक्यांचं ‘सूचर’ही तिथलंच. चेंडूच्या कातड्याच्या वाट्या एकत्र आणून मधे टाक्यांच्या सहा रांगा घालतात. चेंडू त्या उंचवट्यावर टप्पा खातो आणि वळतो. म्हणजे गोलंदाजाची सगळी कमाई जोडावरची. कातडं गुळगुळीत असतं, ते बिचारं सरळ जातं.

आणि आता ‘मर्ज’. याचं लॅटिन मूळ बुडण्याचं आहे. सबमर्ज म्हणजे पाण्याखाली जाणं, इमर्ज म्हणजे बुडालेलं वर येणं. इमर्जन्सी त्याचीच सख्खी बहीण. संस्थानांच्या कागदांत हा शब्द किती नेमका बसलाय पाहा. १९४७ साली राजेलोकांनी आधी सही केली ती ‘ॲक्सेशन’वर, म्हणजे सामीलनाम्यावर. त्याचं मूळ ‘जवळ जाणं’ एवढंच. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण केंद्राकडे गेलं, बाकीचा कारभार राजाकडेच राहिला. ‘मर्जर’ आलं ते नंतर. सांगली, औंध वगैरे दक्षिणेतली संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. आपल्याकडे ज्यांनी ‘विलीनीकरण’ हा शब्द योजला त्यांना दाद द्यावीशी वाटते; विलीन म्हणजे विरघळलेलं. इंग्रजीत बुडवलं, मराठीत विरघळवलं, पाणी दोन्हीकडे आहेच.

त्यानंतर काही वर्षांनी चळवळ उभी राहिली ती ‘संयुक्त’ महाराष्ट्राची. वृत्तपत्रांतल्या इंग्रजीत ते ‘युनायटेड’ झालं, आणि त्याच्या मुळाशी आहे ‘उनुस’, म्हणजे एक. संयुक्तच्या मुळाशी ‘युज्’ आहे, तेच आपलं जू. मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा, सगळे एका जुवाखाली. नागपूरकरांना विचारा यातला कुठला शब्द त्यांना पटतो; मी विचारला होता, चहा गार झाला तरी उत्तर संपलं नव्हतं.