कॅमेरा भलत्याच कागदावर

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, टीव्हीसाठी काढलेल्या रहस्यपटात हस्ताक्षरतज्ज्ञ आला की पुढं काय होणार हे आता शेंबडं पोरही सांगेल. अंधारी खोली, दिव्याचा झोत, भिंगाखाली पिवळट मृत्युपत्र. तज्ज्ञ एका 'र'कडं बघतो आणि सांगतो की लिहिणारा डावखुरा आहे, घाबरलेला आहे आणि त्याचं आईशी पटत नाही. मग कोऱ्या पानावर शिसपेन्सिल आडवी घासतो, खालून खुन्याचा पत्ता उमटतो. लगेच जाहिराती.

यातल्या दोन गोष्टी आधी निकालात काढू. अक्षरावरून स्वभाव सांगणं हा वेगळा धंदा आहे, दस्तऐवज तपासणीशी त्याचा संबंध नाही. आणि पेन्सिल घासली तर पुरावाच बिघडतो. वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर दाब उमटतो हे खरं. पण परीक्षक आधी दिवा तिरपा धरून पाहतो, मग 'एस्डा' नावाचं यंत्र लावतो. कागदावर पातळ प्लास्टिकचा पडदा, त्याला विजेचा भार, वरून टोनर. दाबाच्या जागी टोनर बसतो आणि कागद तसाच राहतो. इंग्लंडात निघालेल्या या यंत्रानं पुढं तिथल्या पोलिसांचीच पंचाईत केली. बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांसाठी सहा जण जन्मठेप भोगत होते. एका आरोपीच्या जबाबाची टिपणं पोलीस सांगत होते तशी, त्याच बैठकीत लिहिलेली नव्हती, हे एस्डानं दाखवलं. इतर पुरावाही ढासळला आणि १९९१ साली सहाही जण सुटले.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मी दिवाणी कोर्टात उभा राहणारा माणूस, त्यामुळं माझी नजर जरा वाकडी असेल. पण या सगळ्या रहस्यपटांचा कॅमेरा भलत्याच कागदावर असतो. तो वादग्रस्त कागदाला चिकटून बसतो. वादग्रस्त कागद एकटा काहीच बोलत नाही. त्याच्या शेजारी ठेवायला संबंधित माणसाचं निर्विवाद लिखाण लागतं, आणि खटला जिंकला किंवा हरला जातो तो या दुसऱ्या कागदावर.

१९८३ सालचं हिटलरच्या डायऱ्यांचं प्रकरण घ्या. जर्मनीतल्या 'श्टर्न' साप्ताहिकानं त्या छापायला काढल्या. त्यापूर्वी नावाजलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर पडताळून पाहिलं होतं आणि जुळतं असा निर्वाळाही दिला होता. अक्षर जुळतच होतं! कारण तुलनेसाठी 'हिटलरचं अस्सल लिखाण' म्हणून तज्ज्ञांपुढं ठेवलेल्या कागदांतले काही त्याच कोनराड कुयाऊनं, म्हणजे डायऱ्या लिहिणाऱ्यानंच, बनवलेले होते. तज्ज्ञांनी एका बनावट कागदाची दुसऱ्याशी गाठ घालून दिली. भांडं फुटलं ते कागदामुळं. त्यात पांढरेपणा वाढवणारं जे रसायन सापडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेलं होतं, आणि हिटलर तर १९४५ सालीच मेला होता. या गोष्टीतला थरार सांगा बरं कुठं आहे? मला तर तो नमुन्यांची फाइल टेबलावर ठेवणाऱ्या हातात दिसतो.

आता नमुना घेण्याचा प्रसंग बघू. माझ्या हातात पटकथा असती तर अर्धा तास मी इथंच काढला असता. पोलिसांनी आरोपीकडून अक्षराचे नमुने घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे का, हा प्रश्न आपल्या मुंबई राज्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. काठी कालू ओघड खटल्यात १९६१ साली ११ न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, नव्हे. म्हणजे माणसाला समोर बसवून लिहून घेता येतं. पण कसं? वादग्रस्त कागद त्याला दाखवायचा नाही. मजकूर तोंडी सांगायचा. शुद्धलेखन सांगायचं नाही; तो 'मिळकत' दीर्घ लिहो की ऱ्हस्व, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शक्यतो मूळ कागदासारखाच कागद, तसलंच पेन. एक पान झालं की उचलून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्या पानाला पहिल्याची नक्कल करता येत नाही. आणि पुन्हा तोच मजकूर, जरा भराभर.

समोरचा हुशार असतो. अक्षर उलटं कलतं करतो, मोठं काढतो, वेलांट्या बदलतो. ठळक दिसतं तेवढं बदलतो. अनुस्वार कुठं टेकतो, दोन शब्दांत किती जागा सुटते, जोडाक्षर कुठल्या बाजूनं सुरू होतं, हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं, मग बदलणार काय? वेग वाढला, बोटं दुखायला लागली की जुना हात परत येतो. गोळीबार नको, पाठलाग नको. दोन माणसं, एक टेबल आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

आणि सोलापूर! आपल्या पूर्व भागात माणूस घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी शिकतो, सही कधी तेलुगूत करतो. अक्कलकोटकडच्या माणसाची पहिली लिपी कन्नड असू शकते. गोलाईला सरावलेल्या हातानं देवनागरी काढली की शिरोरेषेचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. कोणी ती प्रत्येक अक्षराला देतो, कोणी शब्द संपल्यावर, कोणी देतच नाही. मोडीत मुरलेल्या जुन्या कारकुनांची तर आधी अख्खी ओळ आखायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, अशी सवय. मात्र एक सावधगिरी हवी. पाकळीचा 'ल' सापडला म्हणून माणूस सापडत नाही, कारण तो बाईंनी अख्ख्या वर्गाला शिकवलेला असतो. वर्गाचं काय आणि त्या एकट्याचं काय हे वेगळं काढणं, परीक्षकाची निम्मी मेहनत त्यातच जाते.

सह्यांच्या बाबतीत लोक मला हमखास म्हणतात, "वकीलसाहेब, बघा की, हुबेहूब आहे!" हुबेहूब आहे हीच तर भीती. कोणी दोनदा अगदी तंतोतंत सही करत नाही. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर रेघन्‌रेघ बसली तर एक दुसरीवरून गिरवलेली असण्याचा संशय येतो. १८६८ साली अमेरिकेत हाउलंड मृत्युपत्राच्या दाव्यात गणितज्ञ बेंजामिन पर्स यांनी सहीतल्या ३० उतरत्या रेघा मोजून नेमकं हेच कोर्टापुढं मांडलं. म्हाताऱ्याची थरथरही तशीच. आजारी हात थरथरतो, पण त्याला कुठं जायचंय ते ठाऊक असतं. नक्कल करणारा मात्र जपून जपून जातो, वळणाआधी थबकतो, पेन उचलतो, पुन्हा टेकवतो.

तर माझ्या रहस्यपटाची गोष्ट अशी. यंत्रमागाचा कारखाना असलेला म्हातारा मेला. मृत्युपत्रात सगळं धाकट्याला. थोरला म्हणतो, सही बापाची नाही. तुलनेला मृत्युपत्राच्या तारखेच्या आसपासचं नैसर्गिक लिखाण हवं, २० वर्षांपूर्वीचं खरेदीखत चालणार नाही. मग शोध सुरू होतो: कामगारांची हजेरीवही, भिशीची वही, सूत व्यापाऱ्याकडच्या पोचपावत्या, बँकेच्या स्लिपा. हजेरीवहीत म्हाताऱ्याच्या रोज सह्या आहेत, मृत्युपत्रावरच्या सहीशी जुळतात. परीक्षकाचा अहवाल धाकट्याच्या बाजूनं येतो. बहुतेक लेखक इथं थांबतील.

मी इथून सुरू करीन. परीक्षकाचं मत हे मतच असतं. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की तज्ज्ञाच्या मताला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवाच असा नियम नाही, पण सावध राहा, कारणं तपासा. म्हणून थोरल्याचा वकील उलटतपासणीला उभा राहिल्यावर सहीबद्दल एक अक्षर विचारत नाही. तो विचारतो, "ही हजेरीवही तुमच्याकडं कोणी आणून दिली?" परीक्षक सांगतो, पोलिसांनी. पोलिसांना कोणी दिली? कारखान्याच्या मुनिमानं. आणि बाप गेल्यापासून मुनिमाचा पगार कोण देतो?

त्यानंतर वकील कोर्टाकडं अर्ज करतो, की बँकेच्या स्लिपा थेट बँकेकडून मागवाव्यात आणि हजेरीवहीच्या सगळ्या पानांची शाई तपासावी, पहिल्या पानापासून.